गेल्या सात दिवसांत

भांडुप, खिंडीपाडा. बिल्डिंग नंबर सहा, लिफ्ट बंद.
चौथ्या मजल्यावर दार उघडंच. चपला नऊ,
म्हणजे माणसं किती, हा अंदाज मी आता करत नाही.
विचारायचं, ऐकायचं, आकडा टाकायचा.

तुळसाबाई खरात. वय?
"आधारवर एकसष्ट. खरं त्याहून दोन जास्त."
गेल्या सात दिवसांत एक तास तरी काम केलंत?
"नाही गं बाई. मी कसलं काम करते. घरीच असते."
म्हणताना सुरी चालूच.
मांडीशी गोणी, ओल्या फडक्यावर सोललेला लसूण,
बोटांची टोकं सालटलेली.
किलोमागे किती?
"बारा. भिजवला की सुटतो पटकन."
आणि दिवसाला?
"होतात सात-आठ किलो. पण ते काम नव्हे,
ते आपलं बसल्या बसल्या."

बसल्या बसल्या.
याला कोड नाही.
मी प्रश्न पुन्हा विचारते, पुस्तिकेत नसलेल्या शब्दांत,
आणि त्यांच्या नकळत त्यांना कामावर लावते.

प्रशिक्षणात सरांनी पडद्यावर दोन रेघा दाखवल्या होत्या.
पुरुषांची, पालथ्या टोपासारखी:
विशीत चढते, मग सपाट, साठीला घसरते.
बायकांची खाली, जमिनीलगत,
ओल्या दोरीसारखी.
"शहरात ही एवढीच," सर म्हणाले,
आणि पुढची स्लाइड.
मागच्या बाकांवर आम्ही सतरा जणी होतो,
कंत्राटावर, अकरा महिन्यांच्या.

यजमान?
"दगडूजी. सदुसष्ट. हळू बोल, झोपलेत."
रंगाच्या कंपनीतून घरी आले, फंड मुलीच्या लग्नात गेला,
आता मुलुंडच्या एका टॉवरखाली, रात्री आठ ते सकाळी आठ.
सरांच्या रेघेला जिथे उतार लागतो
तिथेच प्लास्टिकची खुर्ची टाकून
दगडूजी गाड्यांचे नंबर लिहीत बसतात.

थोरला टेम्पोवर. धाकटा प्रज्योत, सव्वीस.
"तयारी करतोय," त्याच्या वतीने आई.
किती वर्षं?
आतल्या खोलीत पंख्याचा आवाज एक आकडा वाढतो.
काम शोधत होता का, गेल्या सात दिवसांत?
पडद्याआडून उत्तर: "फॉर्म भरला."
मी विचारत नाही कितवा.

करिश्मा खरात, सून, एकोणतीस.
कडेवर एक, पदराला एक, हातात चहा.
"मी लॅबमध्ये होते. रक्त घ्यायचे.
शीर पहिल्या फटक्यात सापडायची मला,
म्हातारी माणसं मुद्दाम माझीच वाट बघायची."
मग?
मग हा. मग सासूबाईंचा गुडघा. मग ही.
काम मिळालं तर करायची तयारी आहे?
ती सासूकडे बघत नाही.
सासू लसणाकडे बघते.
बराच वेळ कुकरच उत्तर देतो.

"लिहा तुम्हाला वाटेल ते."
मला वाटेल ते लिहायला जागा नाही.
ब्याण्णव. केवळ घरकाम.
त्यातलं 'केवळ' माझं नव्हे, ते यादीतच छापलेलं आहे.

(खरं तर वीस मिनिटांत आटपायचं असतं एक घर.
मला चाळीस लागतात. सुपरवायझर म्हणतात,
ताई, तुम्ही फार ऐकता.)

कप परत देताना करिश्मा माझं मनगट धरते,
आत वळवते, कोपराच्या खळग्यावर अंगठा ठेवते.
चिमुकली तिच्या खांद्यावरून तेच बघतेय.
"तुमची शीर मस्त आहे," ती म्हणते.
"एका टोचणीत काम होईल."
अंगठा तिथेच राहतो, जरा जास्त वेळ.

"आणि ताई, तुमचा काय नंबर टाकतात?"
एकतीस तारखेपर्यंतचा मला माहीत आहे.

चार जिने उतरताना टॅबलेट छातीशी धरलेला.
पाचवं घर पूर्ण, हिरवी खूण आली आहे,
आणि काचेवर, पुसली तरी,
लसणाचा वास.